अंग बाहेर येतंय? लपवू नका, आणि न विचारता सही करू नका

या दुखण्यावर आपल्याकडं कोणी उघड बोलत नाही, म्हणून ही पोस्ट. पुरुषांनीही वाचावी.

पेरूच्या बागेत, उसाच्या फडात राबणाऱ्या कितीतरी बायका 'अंग बाहेर येतं' हे वर्षानुवर्षं लपवतात. बाळंतपणं, त्यानंतर लगेच जड कामं, यांनी ओटीपोटाचे स्नायू सैल पडतात आणि गर्भपिशवी किंवा लघवीची पिशवी खाली सरकते. डॉ. राणी बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले. त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के!

सोसवेना झालं की मग थेट ऑपरेशन. सही बऱ्याचदा नवरा नाहीतर मुलगा करतो. आत काय केलं, हे बाईलाच माहीत नसतं.

काही ऑपरेशनांत आधाराला प्लास्टिकच्या धाग्याची जाळी बसवतात. योनीमार्गातून बसवलेली जाळी काही जणींना पुढं टोचते, रक्त जातं, संबंधाच्या वेळी दुखतं. जाळीत मांस वाढलेलं असल्यानं ती काढणंही अवघड. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएनं १६ एप्रिल २०१९ रोजी या दुखण्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळ्यांची विक्री थांबवली. पोटातून बसवायची जाळी त्या आदेशात नव्हती. म्हणजे सगळ्या जाळ्या वाईट असं नाही. कोणती, कुठून, कशासाठी, हे बाईला कळलं पाहिजे.

दुसरं टोक म्हणजे 'पिशवीच काढून टाका'. बीडमध्ये सरकारी समितीनं ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. आणि पिशवी काढली तरी पुढं योनीचा वरचा भाग खाली येऊ शकतो. पिशवी न काढता वर बांधून ठेवायच्या शस्त्रक्रिया तर मुंबईच्या डॉ. शिरोडकर, डॉ. पुरंदरे यांनी कित्येक वर्षांपूर्वी दाखवून दिल्या आहेत.

तेव्हा सहीआधी एवढं विचारा: व्यायामानं किंवा रिंग बसवून भागेल का? पिशवी वाचेल का? जाळी टाकणार असाल तर तिचं नाव कागदावर लिहून द्याल का? घाई नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा.

आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक दवाखान्यात संमतीचा कागद मराठीत असावा, तो बाईला वाचून दाखवावा आणि सही तिचीच घ्यावी. आशाताईंनीही घरोघरी हा प्रश्न विचारावा. यात कुणाचं काय जातं?

शरीर तिचं आहे. उत्तरंही तिलाच मिळाली पाहिजेत.