शिक्षा संपते कधी?

दंड भरला, तुरुंगवास भोगला, म्हणजे शिक्षा संपली, असे कायदा सांगतो. अनुभव मात्र निराळा आहे. विशीत कुठल्याशा मारामारीत सापडलेला मुलगा चाळिशीला येतो, संसारात रमतो. तरी नोकरीसाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी व्हायची म्हटली, की ते जुने प्रकरण पुन्हा त्याच्यापुढे उभे राहते. न्यायाधीशाने दिलेली शिक्षा काही महिन्यांची. दप्तराने दिलेली आजन्म ठरते.

अशी नोंद ठराविक काळानंतर आपोआप रद्द करणारा सर्वसाधारण कायदा आपल्या देशात नाही. सद्‌वर्तनाच्या हमीवर सोडलेल्या माणसास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू नये, अशी उदार तरतूद १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमात आहे. परंतु तीमुळे दोषसिद्धी पुसली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली स्पष्ट केले. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाने, घोर अपराधांचा अपवाद ठेवून, बालकांच्या नोंदी मुदतीनंतर नष्ट करण्याची सोय केली. म्हणजे सतराव्या वर्षीची चूक कायदा विसरतो आणि एकोणिसाव्या वर्षीची जन्मभर लक्षात ठेवतो! जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी संहिता अमलात आल्या; त्यांतही ही उणीव तशीच राहिली. ब्रिटनने मात्र १९७४ सालीच, ठरावीक वर्षे निष्कलंक गेल्यावर अनेक शिक्षा विचारात घेऊ नयेत, असा कायदा केला.

शिक्षक नेमताना त्याचा पूर्वेतिहास पाहू नये काय, असे कोणी विचारील. ही शंका रास्त आहे. म्हणूनच स्त्रिया व बालके यांच्यावरील अत्याचार आणि गंभीर हिंसेचे अपराध या सवलतीबाहेर ठेवावेत. किरकोळ अपराधांची नोंद मात्र काही निष्कलंक वर्षांनंतर आपोआप बंद व्हावी. त्यासाठी अर्जाची अट घातली, तर ज्याला वकील परवडतो त्यालाच न्याय मिळेल. निर्दोष सुटलेल्यांना तर एक दिवसही तिष्ठत ठेवू नये.

औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून, कैद्यांना भिंतींवाचून ठेवण्याचे धाडस केले. शिक्षा भोगत असलेल्या माणसावर जिथे एवढा विश्वास टाकला गेला, तिथे शिक्षा भोगून आलेल्यास दारातच अडवावे, हे आपणांस शोभत नाही. संसदेने हा कायदा विनाविलंब करावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.