झरणीची शुश्रूषा

सेवानिवृत्तीच्या वेळी विद्यार्थ्यांनी प्रेमाने दिलेली आमची झरणी गेल्या महिन्यात कागद खरवडू लागली आणि दोन ओळींतच कोरडी पडू लागली. ती टाकून द्यावी, असा घरच्यांचा सल्ला. परंतु आम्ही प्रथम निदान केले.

लुईस वॉटरमन याने १८८४ साली जिचे पेटंट मिळविले, त्या रचनेचे मर्म एवढेच की, निबेखालच्या जिभेतील बारीक खाचांतून शाई खाली उतरते व तिच्या जागी हवा वर जाते. टोपण न लावण्याच्या आमच्या खोडीमुळे शाई वाळून या वाटा बुजल्या होत्या. निबेची बाजू रात्रभर पाण्यात ठेवून, मग स्वच्छ पाणी येईपर्यंत झरणी धुतली. कढत पाणी मात्र वर्ज्य. त्याने जीभ वाकण्याचे भय असते. भिंगातून पाहता निबेचे एक पाते दुसऱ्यावर चढलेले दिसले. नखाने ते हलकेच सारखे करताच खरखर थांबली.

तेव्हा एक जुना विद्यार्थी आठवला. गचाळ अक्षराबद्दल त्याला आम्ही छड्या मारल्या होत्या; त्याची निब मात्र एकदाही हाती घेऊन पाहिली नव्हती. वाचकहो, छडीपूर्वी भिंग घ्यावे, हे आम्हांस फार उशिरा कळले.