लाइन वाढवून पत्ता सापडत नाही

आमच्या शाळेच्या संगणक खोलीत पान उघडेना, की ठेकेदाराचं उत्तर ठरलेलं: लाइनचा वेग वाढवा. का वाढवायचा? मुलांनी भलतंसलतं पाहू नये म्हणून त्यानंच मध्ये डीएनएस प्रॉक्सी बसवली. साइटचा पत्ता आधी तिला विचारायचा, ती पुढच्या सर्व्हरला विचारणार. मिळालेला पत्ता मात्र ती लक्षात ठेवत नाही! ४० मुलं, एकच साइट, ४० फेऱ्या. एखादी फेरी हरवली तर लिनक्स ठरल्याप्रमाणे ५ सेकंद थांबून मगच पुन्हा विचारतं. १०० एमबीपीएस घ्या नाहीतर १०००, ते ५ सेकंद तेवढेच. तासिका ३५ मिनिटांची, आणि त्यात गरिबाच्या मुलाला संगणक मिळतो तो एवढाच. कॅश चालू करायला पैसे लागत नाहीत. म्हणूनच बहुधा ठेकेदाराला ती सुचत नाही. व्यवस्थापनानं नव्या लाइनच्या बिलावर सही करण्याआधी ती चालू करून घ्यावी.