कॉफीचे सोवळे

सोवळे फक्त देवघरात असते, अशी आपली भाबडी समजूत आहे. देवघरातले सोवळे कधीच सैल पडले. ते तिथून निघाले आणि हल्ली शहरांतल्या कॉफीच्या दुकानांत बिऱ्हाड करून राहिले आहे. खोटे वाटत असेल तर अशा एका दुकानात जाऊन पाहावे. भिंतीवर काळी पाटी असते. तीवर मळ्याचे नाव, मळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, दाणा सालीसकट वाळवला की धुऊन, असा सगळा कुलवृत्तान्त लिहिलेला असतो. समोर काचेच्या भांड्यातून थेंबथेंब काळा अर्क उतरत असतो. आणि आपण "साखर?" एवढा एकच शब्द उच्चारला, की पलीकडच्या चेहऱ्यावर पारोशाने चुलीला हात लावल्याचा भाव उमटतो!

या प्रकाराला 'स्पेशालिटी कॉफी' म्हणतात. एर्ना नुट्सेन या अमेरिकेतल्या व्यापारी बाईंनी १९७४ साली एका व्यापारी मासिकात हा शब्द वापरला, आणि तो रूढ झाला. त्यांचे म्हणणे साधे होते: विशिष्ट प्रदेशाच्या हवापाण्याने दाण्याला विशिष्ट चव येते, तिची कदर करा. पुढे परीक्षक आले, शंभरपैकी गुण देऊ लागले, आणि ऐंशीच्या वर गेलेला दाणाच 'विशेष' ठरू लागला. मी शाळामास्तर. गुण देण्याला माझी हरकत कशी असणार? पण पहिला आलेल्या मुलाने बाकीच्यांना वर्गाबाहेर काढावे, ही रीत कोणत्या शाळेची?

गेल्या वर्षी कामानिमित्त शहरात गेलो असता अशाच एका दुकानात शिरलो. दर पाहून छाती दडपली. तरी बसलो, आणि जायफळ घालून कॉफी मिळेल का, असे सरळ मराठीत विचारले. काउंटरवरच्या पोराने इंग्रजीत सांगितले की, आम्ही कॉफीत असले काही घालत नाही. त्याच्या इंग्रजीला आमच्याकडचा हेल होता. मी म्हटले, "गाव खंयचा रे तुझा?" पोराने आधी मागे वळून पाहिले, मग आवाज खाली आणून म्हणाला, "वेंगुर्ल्याकडचो. माझी आजी तशीच करता, मास्तरांनू. पण हंयसर तसा बोलूचा नाय."

वाचकहो, माझा राग त्या पोरावर नाही. नोकरी आहे, पोट आहे. आजीच्या हातची कॉफी ही चारचौघांत न बोलण्याची गोष्ट आहे, असे ज्या संस्कृतीने त्याला शिकवले, तिच्याशी माझे भांडण आहे.

कारण ज्या शुद्धतेचा हा डामडौल, ती कॉफीच्या इतिहासात औषधालाही सापडत नाही. झाड मूळचे इथिओपियाचे. येमेनच्या सूफींनी रात्रभर नामस्मरणात जागण्यासाठी पंधराव्या शतकात हे पेय जवळ केले. अरबांनी त्यात वेलची घातली. ती ते आजही घालतात. व्हिएन्नावाल्यांनी साय घातली. नेपोलियनने १८०६ साली इंग्रजांच्या व्यापाराची नाकेबंदी केली, कॉफी दुर्मिळ झाली, तेव्हा फ्रान्सने चिकोरी मिसळली. तीच चिकोरी पुढे आपल्या दक्षिणेत इतकी मुरली की, तिच्यावाचून कित्येकांना कॉफी कॉफीच वाटत नाही. ज्याने त्याने आपल्या घरातले काहीतरी त्या पेल्यात टाकले, म्हणून तर ही परदेशी बी जगभर घरची झाली. मराठी माणसाने जायफळ उगाळून टाकले, तेव्हा त्याने काही गुन्हा केला नाही; जगाचीच रीत पाळली.

तीच गोष्ट दुकानांची. मक्केच्या अधिकाऱ्याने १५११ साली कॉफीवर बंदी घातली, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६७५ साली कॉफीगृहे बंद करण्याचा हुकूम काढला आणि ओरड होताच काही दिवसांत मागे घेतला. राजाला दाण्याचे भय नव्हते. बाकावर बसून बोलणाऱ्या माणसांचे होते. लंडनमध्ये एका पेनीत कॉफी मिळे आणि सोबत वर्तमानपत्र व वादविवाद. बायकांना तिथे बहुधा मज्जाव असे, हेही विसरू नये. तेव्हा त्या काळाची आरती ओवाळण्याचे कारण नाही. पण बाकाची किंमत पेनीच होती.

आपल्याकडे कॉफी सेस कमिटीने १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले. पुढे सरकारी कॉफी बोर्डाने ती उपाहारगृहे मोडीत काढायला घेतली, तेव्हा १९५७ पासून कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवली. काळ्या घोड्याच्या 'वेसाइड इन'मध्ये अरुण कोलटकर तासन्‌तास बसत, आणि त्या खिडकीतून दिसलेला रस्ता त्यांच्या कवितेत आला. तिथल्या कपाला किती गुण होते, हे कुणी विचारले नाही.

आता न्यायाचे बोलू. नव्या दुकानांनी एक मोठे काम केले आहे. १९४० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंत आपल्या मळेवाल्यांना कॉफी सरकारी बोर्डाच्या सामायिक साठ्यात घालावी लागे. कुणाचा दाणा कुठे गेला, याचा पत्ता लागत नसे. तो निर्बंध उठला, आणि आज चिकमगळूरच्या मळ्याचे नाव पाटीवर झळकते. पिकवणाऱ्याचे नाव लिहिणे ही उपकाराची गोष्ट नव्हे, पण आनंदाची आहे खास.

कुणी म्हणेल, "मास्तर, जायफळ आणि दूध घालून तुम्ही वाईट कॉफी लपवता." कबूल! पुष्कळ घरांत तसे झाले असेल. मग उपाय काय? चांगली कॉफी घ्या आणि तिच्यात चांगले जायफळ घाला. सुगरणीकडे हलके तांदूळ आले, म्हणून कुणी खिरीला दोष देत नाही.

आणि जायफळ म्हणाल तर तेही परकेच. इंडोनेशियाच्या बांदा बेटांतले. आज रेडी-शिरोड्याच्या पट्ट्यात माडापोफळीच्या सावलीत ते वाढते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याची 'कोकण सुगंधा' ही जातही दिली आहे. आफ्रिकेची बी आणि बांदाचे फळ, या दोन परक्यांचे लग्न मराठी चुलीवर लागले. चहा रोजचा आणि कॉफी पाहुण्याची, असा मान तिला मिळाला. ज्या हवापाण्याच्या चवीची ही मंडळी पूजा करतात, ती चव याहून निराळी काय असते?

आता आमच्या किनाऱ्यावरही अशी दुकाने येऊ लागली आहेत. यावीत, आमचीच पोरे ती काढोत, चार पैसे मिळवोत. एवढेच मागणे, की पाटीवर चिकमगळूरच्या मळ्याखाली जायफळाच्या कॉफीचीही एक ओळ असावी, आणि हे जायफळ कोणाच्या वाडीतले, तेही लिहावे. दाराशी एक बाक असावे, त्यावर वर्तमानपत्र असावे, आणि एक पेला तरी असा असावा, की जो बाजारातल्या मासे विकणाऱ्या बाईलाही परवडेल. ती बाई आत येऊन बसली आणि पोराने मागे न पाहता, आवाज खाली न आणता, तिच्याशी तिच्याच बोलीत बोलले, तर त्या दुकानाला मी शंभरपैकी शंभर देईन. परीक्षक म्हणून मी कडक आहे. विद्यार्थी साक्ष देतील.

तोवर, फराळाचे ताट पुढे आले, की कॉफी मागून घ्या. सहाणेवर जायफळाचे दोन वळसे जास्तच द्या, आणि पाहुण्यांना मोठ्याने सांगा, आमच्याकडे अशीच करतात!