यंत्र घेताना मावशींना विचारलं का?

एका मोठ्या कार्यालयाच्या अंतर्गत समितीवर मी बाहेरची सदस्य म्हणून काम करते. २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणं हे या समितीचं काम. गेल्या पावसाळ्यात तिथे साफसफाई करणाऱ्या बायकांची वेगळी बैठक घेतली. कायदा समजावून सांगितला आणि शेवटी विचारलं, "काही अडचण आहे का?" बराच वेळ कुणी बोलेना. मग एकजण म्हणाली, "ताई, त्या मशीनचं तेवढं काहीतरी करा."

खरं सांगते, मला वाटलं विषय भरकटला. पण त्या मला जिन्याखालच्या खोलीत घेऊन गेल्या. त्या तिथेच डबा खातात, तिथेच साडी बदलतात. त्या खोलीची निम्मी जागा फरशी घासण्याच्या यंत्राने व्यापली होती. खाली गोल फिरणारा ब्रश, वर लांब हँडल, मागे वायरीचं भेंडोळं.

यंत्र घेतलं त्याची हकिकत त्यांनी सांगितली. विक्रेत्याने तळमजल्यावरच्या मोकळ्या दालनात प्रात्यक्षिक दाखवलं. चालवणारा त्यांचाच तरुण मुलगा. साहेब लोकांनी पाहिलं, पसंत केलं. रोज फरशी पुसणाऱ्या आठजणींपैकी एकीलाही बोलावलं नाही. इमारत चार मजल्यांची, आणि सामान घेऊन लिफ्टने जायला या बायकांना मनाई. चाळीस किलोच्या आसपासचं ते धूड चौघींनी जिन्यावरून उचलून नेलं. दुसऱ्या मजल्यावर एकीच्या कमरेत उसण भरली ती आजतागायत गेलेली नाही.

चालवणंही सोपं नव्हतं. हे यंत्र ढकलून चालत नाही. हँडल किंचित वर उचललं की ते एका बाजूला जातं, खाली दाबलं की दुसऱ्या बाजूला. ही युक्ती चार दिवसांत हाताला बसते, पण शिकवणार कोण? पहिल्याच दिवशी यंत्राने एकीला भिंतीशी फरफटत नेलं. वायर ओल्या फरशीवरून लोळत होती. अर्थिंग आहे की नाही हे कुणी तपासलं नव्हतं. बायकांनी हात लावायला नकार दिला. "बायकांना मशीन जमत नाही," असा शेरा मारून कंत्राटदाराने जास्त पगारावर एक मुलगा 'ऑपरेटर' म्हणून आणला. आता यंत्र आहे, मग आठजणी कशाला, म्हणून दोघींना घरी बसवलं. उरलेल्या सहाजणींच्या वाट्याला काय आलं? संडास, जिने, कोपरे, टेबलांखालची जागा. म्हणजे यंत्र जिथे पोचत नाही ते सगळं. काही महिन्यांनी मुलगा दुसरी नोकरी धरून गेला. यंत्र जिन्याखाली गेलं. फरशी पुन्हा बायकांकडे आली. त्या दोघी मात्र परत आल्या नाहीत.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. भात कांडून पोट भरणाऱ्या बायकांचं काम गिरणीने काढून घेतलं आणि गिरणी चालवायला पुरुष बसला. हाताने करायचं तोवर काम बाईचं, त्याला बटण लागलं की पुरुषाचं. हाताने करताना ते अकुशल, यंत्राने करताना कुशल. बाईच्या हाताचं कसब कधी कसब म्हणून मोजलंच जात नाही.

म्हणून आपण यंत्राला विरोध करायचा का? मुळीच नाही. उकिडवं बसून, वाकून, फडकं पिळून वर्षानुवर्षं फरशी पुसणाऱ्या बाईचे गुडघे आणि कंबर पाहिली, तर "हाताने पुसलेलं जास्त स्वच्छ" असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. गटारात माणूस उतरता कामा नये, तिथे यंत्रच हवं, ही मागणी आपण करतोच. आणि झाडू कुणाच्या हातात येतो हे या देशात जातीने ठरत आलं आहे. यंत्राने ते काम सुरक्षित आणि मानाचं होणार असेल तर ते हवंच. प्रश्न आहे तो यंत्र कोण निवडतं आणि त्यातून वाचलेले श्रम कुणाच्या खात्यात जमा होतात, हा. इथे श्रम वाचले कंत्राटदाराच्या मजुरीच्या बिलात. बायकांच्या कमरेत वाचले नाहीत.

निवडताना बाईला विचारलं जात नाही, कारण ती त्या कार्यालयाची मानलीच जात नाही. तिला सगळे 'मावशी' म्हणतात, पण हजेरीपटावर ती कंत्राटदाराची. हे आपोआप झालेलं नाही. केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींत झाडलोट आणि सफाईसाठी कंत्राटी कामगार ठेवायला १९७६ च्या अधिसूचनेने बंदी केली होती. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली आणि अशा कामगारांना मूळ मालकाने सामावून घ्यावं असा निकाल दिला. २००१ साली त्याच न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि आपोआप सामावून घेण्याचा हक्कही नाकारला. आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेने मुख्य कामात कंत्राटी कामगार ठेवायला मनाई केली आहे, पण सफाईचं काम, जिथे तोच आस्थापनेचा मूळ धंदा नसेल तिथे, 'मुख्य काम' नाही असं म्हटलं आहे. रुग्णालयात सफाई मुख्य काम नाही म्हणे! एक दिवस फरशी पुसली नाही तर शस्त्रक्रिया होईल का?

मोठी लढाई संघटनेची आहे, ती चालूच राहील. पण यंत्राची खरेदी ही आज आपल्या हाताशी असलेली जागा आहे. आपल्यापैकी कितीतरीजणी अशा समित्यांवर, शाळांच्या, दवाखान्यांच्या मंडळांवर बसतात. खरेदीचा कागद समोर आला की आपण एवढं तरी विचारावं: प्रात्यक्षिक सफाई करणाऱ्या बायकांच्या हातून, त्यांच्याच फरशीवर झालं का? यंत्र जिन्यावरून न्यावं लागेल का? हँडलची उंची बुटक्या बाईला जमेल अशी खाली होते का? साडीचा पदर, काठ अडकणार नाही अशी व्यवस्था आहे का? अर्थिंग तपासलं का, वायर कुठून जाणार? घाण पाणी ओतायला टाकी उचलावी लागते की नळी आहे? कुठलं रसायन वापरायचं आणि कशात काय मिसळायचं नाही हे मराठीत लिहून लावलं आहे का? (ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र केलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो, हे मला बायकांनीच ठसक्याच्या अनुभवावरून सांगितलं.) शिकण्याचे तास पगारी आहेत का? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे यंत्र आल्यावर एकीचंही काम जाणार नाही, चालवणारीला वाढीव पगार मिळेल, हे कंत्राटात लिहिलं आहे का?

त्या कार्यालयात काय झालं? समितीच्या वहीत ही तक्रार बसत नव्हती, म्हणून व्यवस्थापनाला वेगळं पत्र दिलं. बायकांनी स्वतः सांगितलं की त्यांना मजल्यामजल्यावर लांब दांड्याचा पोछा आणि पिळायच्या यंत्राची चाकांची बादली हवी. ती मिळाली. अर्थिंग झालं, दोघी तळमजल्यावरचं यंत्र चालवायला शिकल्या. पगार वाढला नाही. घरी बसवलेल्या दोघींबद्दल "ते कंत्राटदार बघेल" एवढंच उत्तर आलं. पाठपुरावा चालू आहे.

हे सगळं आमच्या संस्थेच्या बैठकीत सांगितलं तेव्हा आमच्याच कार्यालयाची झाडलोट करणारी ताई कप गोळा करत होती. ती म्हणाली, "इथला पोछापण आखूड आहे की हो." तीन वर्षं ती वाकून पुसत होती आणि आम्ही श्रमविभागणीवर शिबिरं घेत होतो. या अंकाची चर्चा आपापल्या गटात कराल तेव्हा सुरुवात तिथून करा. आपल्या कार्यालयाची फरशी कोण पुसतं, कशाने पुसतं, आणि ते तिने निवडलं होतं का?