आत्याचं पातळ

आयुष्यातली पहिली गोधडी मी शिवली, ती वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. सांगायलाही लाज वाटते. आमची आई दर उन्हाळ्यात कराडच्या घराच्या ओसरीवर गोधड्या शिवायला बसायची आणि मी पुस्तक घेऊन माळ्यावर पळायची. पुढे बँकेतली नोकरी, पुण्यातला संसार. तुटलेलं बटणसुद्धा कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून लावून आणणाऱ्यांपैकी मी. पण लेकीला सातवा महिना लागला आणि ती म्हणाली, ‘‘आई, दुपटी बाजारात ढिगाने मिळतात. पण गोधडी तू शिव.’’

गोधडीला नवं कापड चालत नाही. नव्या कापडाची खळ बाळाच्या अंगाला बोचते. वर्षानुवर्षं धुऊन, वापरून विरत आलेलं सुती कापडच हवं. आईच्या ट्रंकेतलं बोचकं काढलं. त्यात तिची वॉयलची साडी निघाली. माझ्या बँकेच्या मुलाखतीच्या दिवशी ती हीच साडी नेसून बाहेरच्या बाकावर तीन तास बसली होती. पदराला शाईचा डाग अजून आहे, माझ्याच पेनचा. बाबांचं धोतर निघालं, ते मधल्या थराला. विहीणबाईंनी नागपूरहून जावयाचा लहानपणचा शर्ट पाठवला, खिशासकट. तो खिसा मी तसाच ठेवलाय. खिशात काय ठेवायचं ते बाळ ठरवेल!

शिकवलं मात्र आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी. त्या मूळच्या माण तालुक्यातल्या. ‘‘ताई, जरीचा काठ आदी उसवा, लेकराला टोचंल. आन् गाठ वर ठिवू नगा, आत दडवा.’’ कच्चे टाके न घालता मी उत्साहाने थेट धावदोऱ्याला लागले, तर थर सरकून मधोमध हा एवढा फुगा आला. सगळं उसवलं. मग फरशीवर कापड ताणून, कोपऱ्यांवर खलबत्ता आणि डबे ठेवून नव्याने सुरुवात केली. कडेने सुरुवात करून फेऱ्या घालत आत जायचं. पहिल्या चार फेऱ्यांचे टाके दारू प्यायल्यासारखे गेलेत. ते मी तसेच राहू दिलेत.

बोचक्याच्या तळाशी आत्याचं पातळ होतं. राखाडी, बारीक काठाचं. हातात घेतलं आणि १९९४ साल आठवलं.

आत्या बाविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, ती कायमची. आम्हा भावंडांना तिनेच वाढवलं. माझ्या बाळंतपणात आई गोधडीसाठी कापडं जमवत होती, तेव्हा आत्या आपलं हे पातळ धुऊन, घडी घालून घेऊन आली. सगळ्यात मऊ तेच होतं. नात्यातल्या एक वडीलधाऱ्या बाई तिथे बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, ‘‘हिचं नको. पहिलटकरणीचं बाळ आहे.’’ आईने काही न बोलता ते बाजूला ठेवलं. आत्याच घाईघाईने म्हणाली, ‘‘हो की गं, माझ्या लक्षातच आलं नाही.’’

मी आतल्या खोलीत खाटेवर होते. मला सगळं ऐकू येत होतं. मी पदवीधर, बँकेत अधिकारी. मी एक शब्द बोलले नाही.

त्याच आत्याने पुढचे तीन महिने बाळाला तेल लावलं, न्हाऊ-माखू घातलं, रात्री-अपरात्री लंगोट बदलले. म्हणजे तिचे हात चालत होते, फक्त कापड चालत नव्हतं!

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं आवाहन केलं. तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. पण ओसरीवर हळूच म्हटलेल्या ‘हिचं नको’ला कुठला ठराव पुरणार? तिथे कुणी बांगड्या फोडत नाही, कुणी ओरडत नाही. एक घडी फक्त या ढिगातून त्या ढिगात जाते. आणि ती नेणारे हात बहुतेक वेळा आपलेच, बायकांचेच असतात. ओटी भरताना, बारशाला पाळण्याजवळ कुणी उभं राहायचं ते ठरवताना, आजही.

तर यावेळी मी ते पातळ घेतलं. पण खरं सांगू? पहिल्यांदा मी ते मधल्या थरात घातलं, बाबांच्या धोतराशेजारी. कुणाला दिसणार नाही, कुणी विचारणार नाही. विहीणबाईंकडचं वातावरण मला नीटसं ठाऊक नव्हतं, उगाच वाद नको, असं मनाशी म्हटलं. दोन दिवस शिवत राहिले आणि तिसऱ्या दिवशी रात्री दिवा लावून ती बाजू उसवायला बसले. आत्या आमच्या घरात आयुष्यभर मधल्या थरातच राहिली होती. २००६ मध्ये गेली, तेव्हाही माजघरातच.

लेकीला फोन करून सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘मला हे कधी सांगितलं नाहीस तू.’’ आणि नंतर, ‘‘वरच्या थराला लाव. बाळाचा गाल टेकेल तिथे.’’ (डॉक्टरांनी वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर गोधडी घालू नका म्हणून बजावलंय, त्यामुळे ती मांडीवर अंथरायलाच वापरणार आहोत.)

आता राखाडी चौकोन वर आलाय, शर्टच्या खिशाला लागून. एका कोपऱ्याचा धावदोरा मी मुद्दाम बाकी ठेवलाय. विहीणबाई पुढच्या आठवड्यात येताहेत. तो कोपरा तुम्ही शिवा, असं त्यांना फोनवर सांगितलंय. शिवताना त्या विचारणारच, हे एवढं मऊ कापड कुणाचं म्हणून.