चौथ्याचं घड्याळ

सध्या आमच्या घरी गुरुवारी संध्याकाळी एक ठरलेलं दृश्य असतं. आतल्या खोलीत मी सायकलवर, समोर लॅपटॉप, कानात हेडफोन, टेबलफॅन फुल्ल, खाली घामाचं तळं. आई दारात येऊन बघते आणि विचारते, "एवढं दामटतोयस, पोचलास कुठे?"

कुठेच नाही! मागचं चाक काढून सायकल ट्रेनरवर बसवलेली आहे. पण स्क्रीनवरचा माझा पुतळा मात्र वाटोपिया नावाच्या काल्पनिक बेटावर ताशी चाळीसने पळत असतो.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. झ्विफ्ट नावाचं सॉफ्टवेअर आहे. ट्रेनर तुमच्या पायांची ताकद वॅटमध्ये मोजतो, तुमची उंची आणि वजन तुम्ही भरलेलं असतं, आणि त्यावरून सॉफ्टवेअर तुमचा वेग ठरवतं. चढ आला की ट्रेनर पेडल जड करतो. येत्या गुरुवारी आमची टीम टाइम ट्रायल आहे. आम्ही पाच जण: पुण्याहून मी, बंगळूरहून आमची कॅप्टन, एक मित्र आयंडहोवनला, एक न्यू जर्सीत आणि नाशिकचे काका. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा आयंडहोवनला पाच आणि न्यू जर्सीत सकाळचे अकरा. तो बिचारा ऑफिसच्या कॅलेंडरवर 'डेंटिस्ट' लिहून सायकलवर बसतो. त्याच्या मॅनेजरला त्याच्या दातांची फार काळजी वाटते म्हणे.

"हा तर व्हिडिओ गेम! खरी सायकल चालव की," असं ऑफिसातले मित्र म्हणतात. हा वाद मी बराच घातलाय, आता एकच उदाहरण देतो आणि गप्प बसतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये यूसीआयने ई-सायकलिंगची पहिली जागतिक स्पर्धा घेतली. पुरुषांमध्ये जिंकला जर्मनीचा जेसन ऑस्बोर्न. हा मूळचा रोइंगवाला, पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये रोइंगचं रौप्यपदकही मिळवलं त्याने. जॉयस्टिक चांगली हलवली म्हणून नाही जिंकला, त्याच्या फुप्फुसांत आणि मांड्यांत तेवढा दम होता म्हणून जिंकला. असो.

तर मुद्दा तयारीचा. मी इंजिनियर असल्यामुळे तयारी म्हटली की मला आधी आकडे सुचतात. वीस मिनिटं जीव तोडून सायकल मारायची, त्याची सरासरी काढायची आणि ०.९५ ने गुणायचं, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल एवढी ताकद कळते. त्याला एफटीपी म्हणतात. माझी सरासरी आली २७६, म्हणजे एफटीपी २६२ वॅट. काकांची २०५. चार महिने मी हा आकडा वाढवण्यामागे लागलो होतो. पहाटे उठून इंटर्व्हल, रात्री एक्सेलमध्ये आलेख. माझी समजूत अशी की मी दहा वॅटने सुधारलो म्हणजे टीम तेवढी सुधारली.

आणि नेमकी हीच समजूत चुकीची आहे, हे सांगायला आजचा हा लेख.

कारण टीम टाइम ट्रायलचा नियम बघा. आमच्या रेसमध्ये वेळ मोजतात ती टीममधला चौथा गडी रेषा ओलांडतो तेव्हाची. पहिला कधी पोचला याला काडीची किंमत नाही. नियम जुनाच आहे. १९६० ते १९९२ ऑलिंपिकमध्ये रस्त्यावरची टीम टाइम ट्रायल होती, शंभर किलोमीटर, चार जण, आणि वेळ तिसऱ्याची धरायचे. ट्रॅकवरच्या टीम परसूटमध्ये आजही चार किलोमीटर चौघांनी मारायचे आणि घड्याळ थांबतं ते तिसऱ्यावर. २०२३ च्या पॅरिस-नीसमध्ये मात्र वेगळा प्रकार केला. टीमची वेळ पहिल्याची आणि एकूण क्रमवारीसाठी ज्याची त्याची वेळ स्वतंत्र. म्हणजे शेवटी आपल्या हीरोला पुढे सोडा आणि बाकीच्यांनी मागून सावकाश या. लोकांना ते थरारक वाटलं, मला नाही आवडलं. मग ती टीमची रेस कशी? ते तर हीरोला रेषेपर्यंत सोडायला आलेलं वऱ्हाड झालं.

चौथ्याची वेळ धरायची म्हटली की सगळं गणित उलटं होतं. पुढचा माणूस हवा कापतो, मागचे त्याच्या आडोशाला राहतात आणि चौथाई ते एक तृतीयांश ताकद वाचवतात. झ्विफ्टमध्येही हा ड्राफ्ट आहे, आणि आमच्या रेसमध्ये तो फक्त आपल्याच टीमचा मिळतो. मग तगड्या माणसाने काय करायचं? माझं उत्तर होतं, जोरात ओढायचं. कॅप्टनने पहिल्याच दिवशी सांगितलं, "जोरात नाही, जास्त वेळ." म्हणजे वेग तोच ठेवायचा, फक्त मी पुढे साठ सेकंद राहायचं, ती आणि आयंडहोवनवाला पंचेचाळीस, काका पंधरा. पुढे येताना दोन किलोमीटरने जरी वेग वाढवलास तरी शेवटच्या माणसाला ते फटके बसतात, आणि असे दहा फटके बसले की तो सुटतो. आणि एकदा सुटला की संपलं. आडोसा गेल्यावर आम्हाला गाठायचं तर त्याला एकट्याने आमच्या पुढच्या माणसाहून जास्त ताकद लावावी लागणार. ती असती तर तो सुटलाच कशाला असता!

न्यू जर्सीवाल्याचं काम तर अजून विचित्र. त्याच्यात स्फोट आहे पण दम नाही. म्हणून त्याने पहिल्या अर्ध्यात सगळा जीव ओतायचा आणि रेस सोडून द्यायची. पाचवा असल्यामुळे त्याची वेळ धरणारच नाहीत. राहिलेले चौघे मात्र शेवटपर्यंत हवेतच. आणि त्यातले चौथे काका.

काकांबद्दल थोडं. वय एक्कावन्न, बँकेत नोकरी. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या टीमने रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली, ते पेपरात वाचून यांनी सायकल घेतली. रेस गुरुवारी आणि काकांचा दत्ताचा गुरुवार! कॅप्टन हादरलीच. "काका, उपाशीपोटी टाइम ट्रायल?" काका म्हणाले, "उपाशी कोण म्हणालं? उपास आहे." मग आम्ही यादी काढली. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, केळी, राजगिऱ्याची चिक्की, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत. अहो, हे निव्वळ कार्बोहायड्रेट! परदेशी कंपन्या पाकिटात घालून जे विकतात ते आपल्या आज्यांनी आधीच मंजूर करून ठेवलंय. साडेपाचला खिचडी, आठला केळं. आता आम्ही पाचही जण गुरुवारी उपासाचंच खातो, पुण्याच्या अपेक्षेशिवाय.

काका दर गुरुवारी रेसच्या आधी वजन करतात आणि तेवढंच भरतात. गणपतीत दीड किलो वाढलं तर दीड किलो वाढवलं. ग्रुपवर लिहिलं, "मोदक धरून ६७.५."

आता माझ्यावर येतो.

तीन आठवड्यांपूर्वी आमची सराव रेस झाली. सँड अँड सेक्वोयाज नावाचा रस्ता, वीस किलोमीटरचा, त्यात वाळवंटातला सपाट भाग आणि टायटन्स ग्रोव्हचे चढउतार. सपाटीवर सगळं आखल्यासारखं. चढाला ठरलं होतं की कोणीही किलोमागे ३.२ वॅटच्या वर जायचं नाही, कारण काकांना तेवढंच जमतं. मला मात्र चढ फारच सोपा वाटला. श्वासही चढला नव्हता. मी ३.६ वर गेलो. कानात कॅप्टन ओरडत होती, "हळू, काका सुटतायत!" मला वाटलं, एवढ्याशा चढावर कोण सुटतं? काका सुटले. आम्ही तिघे रेषेपलीकडे पोचलो आणि बघत बसलो. घड्याळ चालूच. काका एक मिनिट चाळीस सेकंदांनी आले.

रात्री ग्रुपवर काकांचा मेसेज, "वय झालं. माझ्यामुळे तुमचा वेळ जातोय. माझ्याऐवजी कोणी चांगला बघा, मी राग मानणार नाही."

मी उत्तर टाइप केलं, "नाही हो काका, असं काही नाही," आणि झोपलो. म्हणजे झोपायला गेलो. कारण चढ मला सोपा का वाटला हे मला माहीत होतं. माझ्या प्रोफाइलमध्ये वजन आहे ६९. ते जानेवारीतलं. मग दोन लग्नं झाली, आंबे आले, ऑफिसचा रिलीज झाला, आणि आता काटा दाखवतो ७२. मी खोटं भरलं नव्हतं, फक्त खरं अपडेट केलं नव्हतं. आमच्या धंद्यात याला जुना डेटा म्हणतात आणि त्यावर आम्ही दुसऱ्यांना चांगलंच झापतो.

तीन किलोंनी काय होतं? हिशेब करा. ३.४ वॅट प्रतिकिलोने चढायचं तर ६९ ला साधारण २३५ वॅट लागतात, ७२ ला २४५. दहा वॅट फुकट! एवढे दहा वॅट पायांत आणायला मला तीन महिने पहाटे उठावं लागतं. आणि मोठी गोष्ट अशी की या फुकटच्या दहा वॅटनी मला चढाचा अंदाजच चुकीचा दिला. काका त्यांच्या खऱ्या वजनाने खऱ्या चढावर होते, मी माझ्या जानेवारीतल्या चढावर होतो. आणि कमी पडल्याची लाज वाटली ती त्यांना.

या खेळात लबाडी नवी नाही. ब्रिटनमध्ये २०१९ साली राष्ट्रीय ई-रेसिंग स्पर्धेच्या विजेत्याचं पद काढून घेतलं होतं, कारण त्याने खेळातली एक खास सायकल स्वतः न चालवता प्रोग्रामकरवी किलोमीटर भरून मिळवली होती. सहा महिने बंदी आणि अडीचशे पौंड दंड. वरच्या पातळीवरच्या रेसमध्ये तर वजनाचा व्हिडिओ द्यावा लागतो. आमच्यासारख्या हौशी लोकांकडे कोण बघतंय? ट्रेनर वॅट मोजतो, पट्टा हृदयाचे ठोके मोजतो, पण वजन आपण टाइप करतो. एवढ्या सगळ्या यंत्रसामग्रीत एकच आकडा असा आहे की जो निव्वळ शब्दावर घेतात. म्हणूनच मला वाटतं, तयारीच्या यादीत इंटर्व्हलच्याही आधी तो आकडा हवा. टीमचा सगळा बेत आकड्यांवर उभा असतो. माझा एक आकडा खोटा असला की बेत माझ्यासाठी सोपा होतो आणि चौथ्यासाठी अवघड.

काल रात्री मी कॉलवर सगळ्यांना सांगितलं. आधी दोन मिनिटं राउटर यूपीएसवर कसा लावला, लाईट गेली तर काय करायचं, असलं काहीतरी बोलत बसलो. मग सांगून टाकलं. कॅप्टन काहीच बोलली नाही, आणि ती गप्प बसणं फार वाईट असतं. आयंडहोवनवाला म्हणाला, "तरीच." काका जरा थांबून म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी मी म्हातारा झालो नव्हतो तर." आणि हसले. मला हसू आलं नाही.

कॅप्टनने नवा बेत सांगितला. चढावर आडोशाचा फायदा तसाही कमी. तेव्हा चढ आला की काका पुढे, त्यांचा वेग तोच टीमचा वेग, आणि मी सगळ्यात मागे. "तुला चढ कसा वाटतोय हे कोणी विचारणार नाही," ती म्हणाली. बरोबर आहे.

वजन ७२ केलं. बदलल्यावर आज सकाळी तोच चढ एकट्याने मारून बघितला. किलोमागे ३.२ वॅट म्हणजे आता २३० वॅट. चांगलाच चढ आहे हो तो. वर पोचेपर्यंत धाप लागली.

आई दारात उभी होती. "पोचलास का?"

म्हटलं, गुरुवारी सांगतो. काका पोचले की.